मास्तरीणबाईंच्या यजमानांची तपश्चर्या

कल्याणात मला नाव नव्हतं.

वाईला होतं. रामचंद्रपंत! चौघांत कोणी हाक मारली तर बाकीचे तिघेही वळून पाहत, असं वजनदार. पण घाट उतरून खाली आलो, पारनाक्याजवळ दोन खोल्यांचं बिऱ्हाड थाटलं आणि त्या दिवसापासून मी झालो 'मास्तरीणबाईंचे यजमान'. वाणी तेच म्हणे, दूधवाला तेच म्हणे. पहिल्याच श्रावणीला भटजींना संकल्प सांगताना माझं नाव आठवेना. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि 'मास्तरीणबाई-यजमानस्य' असं खणखणीत म्हणून पुढे निघाले! देवाच्या दरबारीही माझी नोंद आता तशीच झाली असणार.

दोष सर्वस्वी माझा. तरुणपणी मला सुधारणेचं वारं लागलं होतं. बायकोला शिकवणारा आमच्या आळीतला मी पहिला पुरुष. घरचे ओरडत, आळीतले हसत, पण मित्रमंडळी पाठ थोपटत आणि मला पाठ थोपटून घ्यायला फार आवडे. माझा हिशेब असा की ही चार अक्षरं वाचील, सणावारी एखादी पोथी वाचून दाखवील आणि मी सभेत उठून सांगेन, 'मी आधी केलं, मग बोलतोय!' पण ही थांबेचना! बाराखडी झाली, व्याकरण झालं, भूमिती झाली (तिथे मी संपलो), मग पुण्याला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात गेली, परीक्षा पास झाली आणि सरकारने तिला थेट कल्याणच्या मुलींच्या शाळेवर मुख्य बाई म्हणून नेमलं.

मी तेव्हा एका सावकाराकडे कारकून होतो. आता बायकोला एकटीला परमुलखात पाठवणार कसं? मित्र म्हणाले, "रामचंद्रपंत, मागे हटू नका! साऱ्या महाराष्ट्राचं तुमच्याकडे लक्ष आहे." एवढं सांगून ते आपापल्या घरी जेवायला गेले. नवऱ्याच्या नोकरीच्या गावी बायका रोज जातात, त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. मी बायकोच्या नोकरीच्या गावी निघालो तर वेशीपर्यंत पोचवायला अर्धी वाई आली. त्यातले बरेचसे हसू दाबून उभे होते.

आम्हा घाटावरच्यांना घाटाखालचा मुलूख म्हणजे विलायतच. अंगावरचा घाम वाळायचं नाव नाही. भाकरी तांदळाची. शेजारी प्रत्येक पदार्थात नारळ घालत आणि प्रत्येक वाक्यात आम्हाला 'घाटावरचे' म्हणत. आणि ती खाडी! सकाळी दुर्गाडी किल्ल्याखाली भरपूर पाणी पाहून यावं आणि दुपारी जावं तर नुसता चिखल. आमची कृष्णा असला चावटपणा करीत नाही.

हिला पहिल्या दिवसापासून काम होतं. मला नव्हतं. घरात बसून बायकोची मिळकत खाणारा पुरुष म्हणजे काय, हे लोक तोंडाने सांगत नसत. नुसतं विचारत, "मग आपलं काय चाललंय सध्या?" मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

शेवटी ठाण्याच्या कचेरीत एक जागा आहे असं कळलं, म्हणून नवी पगडी घालून आगगाडीत बसलो. कळव्याच्या पुलावर गाडी आली तेव्हा पाणी आहे की गेलं हे पाहायला (एवढीच उत्सुकता!) डोकं बाहेर काढलं आणि वाऱ्याने पगडी उचलून खाडीत टाकली. पाणी होतं.

भर ठाण्यातून मी उघड्या डोक्याने चाललो. आता उघड्या डोक्याने रस्त्यावर माणूस दिसतो तो घरात कोणी गेलं तरच. लोक बाजूला होऊन वाट देऊ लागले. एका म्हातारबुवांनी हात जोडले. कचेरीत पोचलो तर हेडक्लार्क जागेवरून उठलेच.

"अरेरे! केव्हा झालं?"

"आत्ताच," मी म्हटलं. "कळव्याच्या पुलावर."

"पुलावर! अपघात?"

"वारा फार होता."

हेडक्लार्कांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "घरी जा हो तुम्ही. अशा वेळी नोकरी कसली मागता? सुतक फिटलं की या." आणि मला शिवणार नाही इतक्या अंतरावरून एक शिपाई स्टेशनपर्यंत पोचवायला दिला. खरं सांगायला तोंड उघडलं, पण हेडक्लार्क एवढे गहिवरले होते की माझ्याच्याने धीर झाला नाही. सुतक फिटण्याच्या अंदाजाने पुन्हा गेलो तेव्हा जागा भरलेली होती.

असा मी घरी बसलो आणि बसल्या बसल्या चुलीपाशी सरकलो.

याला इलाज नव्हता. आमच्या हिने सगळं शिकून घेतलं होतं, स्वयंपाक सोडून. तिच्या पोळ्या कंपासने काढल्यासारख्या गोल असत. खाता मात्र येत नसत. उलट मी लहानपणी वेदपाठशाळेत होतो आणि माझी तिथली प्रगती पाहून गुरुजींनी मला लवकरच उत्सवाच्या मुदपाकखान्यात पाठवलं होतं. तिथे मी खरा चमकलो. पण तिथली शिस्त निराळी. घड्याळ कोणाकडे होतं! सगळा स्वयंपाक स्तोत्रांवर मोजायचा. एक स्तोत्र म्हणून झालं की भात उतरवायचा, दुसरं झालं की आमटीला उकळी, आणि पुरण घोटायचं तर सबंध स्तोत्र तीन वेळा, शेवटच्या खेपेला दुप्पट वेगाने. शंभर पानांच्या हंड्यांचा खळखळाट चालू असे, त्यामुळे हे सगळं ओरडून. परिणाम असा झाला की मला स्वयंपाक उत्तम येतो, पण तो मोठ्याने येतो आणि शंभर माणसांचाच येतो.

"इकडून जरा हळू नाही का म्हणता येणार?" ही काकुळतीने विचारी. मनातल्या मनात म्हणून पाहिलं. तिसऱ्या श्लोकाला ठाण्याचे हेडक्लार्क आठवले आणि भात लागला.

हे गावात कळून चालण्यासारखं नव्हतं, कारण हिच्या शाळेचा जीवच त्यावर टांगलेला होता. शाळेत मुली मोजक्या. दसऱ्यानंतर ठाण्याहून डिपुटीसाहेब तपासणीला येणार, आणि तोवर पट वाढला नाही तर शाळा बंद होणार, हे ठरलेलं. शाळा बंद म्हणजे हिची नोकरी गेली, आणि गेली की पुन्हा कुठली मिळते! शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष भाऊसाहेब आमच्या समोरच राहत. सरकारदरबारी मान मिळतो म्हणून ते अध्यक्ष झाले होते. स्वतःच्या दोन मुली मात्र त्यांनी शाळेत घातल्या नव्हत्या, कारण त्यांच्या मंडळींना, येसूकाकूंना, ते पसंत नव्हतं. आणि पारनाक्यावरच्या बायका येसूकाकूंना विचारल्याशिवाय लोणच्याला मीठ लावीत नसत.

"शिकलेली बाई पोळपाटाला हात लावीत नाही," येसूकाकू सांगत. "नवऱ्याला राबवते. माझ्या पोरींना नको असली विद्या."

म्हणून घरात कडक बंदोबस्त. सकाळी स्वयंपाकघराचं दार लावून मी आत. हीही आत, एका कोपऱ्यात शाळेचे धडे काढत बसलेली. बाहेरच्यांनी समजायचं ते समजावं. ही वर्गाला निघाली की हिच्या पदराला फोडणीचा वास येई, तेवढा पुरावा पुरे होता.

पण शंभर माणसांची आमटी दोघं जण खाणार किती? टाकवत नाही, म्हणून वाट्या भरभरून शेजारी गेल्या. आता शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, ही रीत. आमटी दिली की नारळाची वडी येई, वडी आली की आम्ही मेतकूट देणार, मेतकूट गेलं की घावन येत. महिनाभरात पारनाक्यावर कुठली वाटी कोणाची हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. आणि एक दिवस येसूकाकू स्वतः दारात!

"मास्तरीणबाई, ही आमटी तुमच्याकडची? शिकूनसवरून?"

"आमच्याकडचीच," ही म्हणाली. (आमची ही खोटं कधी बोलत नाही. पण अर्धंच खरं किती सुबक बोलता येतं, हे मी तेव्हा पाहिलं.)

"हाताला चव आहे हो. आणि ते आत मोठमोठ्याने कोण म्हणतंय?"

"इकडून."

"रोज?"

"रोज."

काकूंनी कान देऊन ऐकलं. आत माझ्या भाताचा शेवटचा श्लोक चालू होता आणि भात ऊतू जात असल्यामुळे मी अगदी कळवळून म्हणत होतो. काकूंनी दोन्ही हात जोडले. "काय ही भक्ती! आमच्याकडे संध्येची पळी सापडत नाही."

झालं! इथून जे सुरू झालं ते मला आवरलं नाही. काकूंच्या धाकटीला ताप होता. आमच्याकडून मऊ भात गेला, त्याच वेळी माझा आवाज तिच्या कानावर गेला आणि संध्याकाळी ताप उतरला. तापाला उतरायचंच होतं, पण श्रेय मला मिळालं. सकाळच्या वेळी आमच्या ओटीवर बायका येऊन बसू लागल्या. सकाळभर घोष चालतो, मध्येच आवाज टिपेला जातो (फोडणी!), मध्येच गाढ शांतता (मीठ पाहणं!), म्हणजे हा साधासुधा पुरुष नव्हे, अशी कल्याणात बोलवा झाली. शहाडहून भाजी घेऊन येणारी भिकीबाई एकदा परसात टोपली उतरवून म्हणाली, "काय रं भटा, रोज येवऱ्या मोठ्यांनी बोलवतंस, तुजा देव बहिरा हाय का? आमचे शहाडान पन तुजा नाव झालाय!"

टिटवाळ्याच्या गणपतीला निघालेली मंडळी आधी आमच्या दारी थांबू लागली. अंगारा मागत. देवापुढे आमची एकच उदबत्ती, अंगारा पुरणार कुठून? मी चुलीतली राख दिली. गुण आला!

मला फार लाज वाटे. घरी बसून खाणारा म्हणून आधी वाटत होतीच, त्यात ही नवी भर. लोक पायांवर डोकं ठेवत आणि माझ्या पायांना कणीक लागलेली असे. आरशात पाहून मिशा नीट करायचं मी सोडून दिलं. (पण खरं तेच सांगतो. भाऊसाहेब रस्त्यात पाहून 'महाराज' म्हणून वाकले, तेव्हा पाठ कशी आपोआप ताठ झाली!) ही एकदा म्हणाली, "इकडून एकदा खरं सांगून टाकणं व्हावं." मी म्हटलं, "पट वाढू दे, मग सांगू." माझं म्हणणं शहाणपणाचं होतं असं मला तेव्हा वाटलं होतं.

मग श्रावण आला. श्रावणातल्या शुक्रवारी सवाष्णीला पुरणाचं जेवण घालायचं. हिने धीर करून सवाष्ण म्हणून येसूकाकूंनाच बोलावलं. जेवून तृप्त झाल्या की पोरींची गोष्ट काढायची, असा बेत. काकू म्हणाल्या, "येते. पण जेवणाआधी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवीन. थोरलीचं स्थळ जमत नाहीये."

त्या शुक्रवारी हिने शाळेची अर्ध्या दिवसाची रजा घेतली. मी पहाटेच उठलो तर सोवळ्याचं धोतर वाळलेलंच नाही! श्रावणातली हवा, आणि तीही कल्याणची. रेशमी मुकटा होता तो उंदरांनी खाल्लेला. राहता राहिली धाबळी. धाबळी म्हणजे सोवळ्यात चालणारं जाडजूड लोकरीचं पांघरूण. वाईला थंडीत ठीक असतं. मी ते कमरेला गुंडाळून पेटत्या चुलीपुढे बसलो आणि पुरण शिजण्याआधी मी शिजलो.

ठरलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी ओटीवर बांगड्या वाजल्या. काकू एकट्या नव्हत्या! महाराजांचं दर्शन आहे म्हणून अर्धा पारनाका बरोबर आणला होता. हिला बाहेर जावं लागलं. जाताना कानाशी म्हणाली, "आवाज नको."

आवाज नको! पुरण घोटायला घेतलेलं, पहिली खेप चालू, आणि आवाज नको! थांबलो असतो तर तळाला लागलं असतं. मी म्हणत राहिलो. बाहेर कुजबुज थांबली. दुसरी खेप झाली, पुरण आळू लागलं. तिसऱ्या खेपेला दुप्पट वेग. पुरण असं आळलं की ते उडू लागतं, आणि उडालेलं पुरण अंगाला चिकटून बसतं, पडत नाही. एक गोळा हातावर आला. श्लोक न सोडता मी ओरडलो, "अगं आई गं!"

"देवीला हाक मारली!" बाहेरून एक आवाज.

दुसरा गोळा पोटावर. "मेलो, मेलो!"

"देहभान सुटलं बघा!"

तिसरा थेट नाकावर. यावेळी मी जे म्हणालो ते कुठल्याही स्तोत्रात नाही.

"अंगात आलंय!" येसूकाकूंचा आवाज. "हीच वेळ. मला पाय धरू द्या."

"नको काकू!" ही दाराला पाठ लावून उभी असावी. "सोवळ्यात आहेत."

"मीही सोवळ्यातच आलेय. सवाष्ण म्हणून जेवायला ओवळ्यात येईन का? सरा!"

दार उघडलं.

मी कसा दिसत होतो ते मला येसूकाकूंच्या चेहऱ्यावरून कळलं. कमरेला धाबळी, अंगावर घामाचे ओघळ, नाकावर पुरण, हातात कलथा. पाट्यावर वाटलेली वेलची, बाजूला परातीत पोळ्यांची कणीक. काकूंच्या खांद्यावरून पारनाक्याच्या झाडून सगळ्या नथी आत डोकावत होत्या.

अशा वेळी सभ्य माणूस गप्प बसतो. मी म्हणालो, "हा... हा होम आहे."

काकू चुलीपाशी आल्या. "होमाला वेलदोडे?"

"देवीला प्रिय."

"आणि जायफळ?"

"तेही."

"आणि ही कणीक?"

"ती... ती पूर्णाहुती."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. काकू हसल्या नाहीत. त्यांनी वळून हिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही आपलं ते सुबक अर्धं खरं बोलेल आणि निभावून नेईल.

"होम नाही, काकू," ही म्हणाली. "स्वयंपाक आहे. आमच्याकडे तो इकडूनच होतो. वर्षभर तुमच्याकडे वाट्या गेल्या, तो सगळा स्वयंपाक इकडचाच. मला येत नाही. तुम्हाला फसवायचं नव्हतं. शाळा जाईल म्हणून भ्याले."

तिथे जी लाज वाटली तशी मला जन्मात वाटली नाही. नाकावरच्या पुरणाची नव्हे, ते कधीच थंड झालं होतं. सुधारणेवर भाषणं मी केली, टाळ्या मी घेतल्या आणि पारनाक्यासमोर ही एकटी उभी राहून खरं बोलत असताना मी कलथा धाबळीच्या मागे लपवत होतो.

काकू बाहेर आल्या. पानावर बसल्या. हिने वाढलं. जेवल्या. पुरणपोळी दुसऱ्यांदा घेतली, तीही न बोलता. कुंकू लावून घेतलं, ओटी घेतली आणि साऱ्या नथी मागे घेऊन निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत एकच मुलगी आली. तीही शाळेच्या शिपायाची, बापाबरोबर यावंच लागतं म्हणून. हिने तिला एकटीला वेळ संपेपर्यंत शिकवलं आणि घरी आली. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "अगं, मी पारावर उभा राहून सांगतो की मला वर्षभर स्वयंपाक करायचा नवस होता. म्हणजे तुझ्यावर बोल नाही."

ती म्हणाली, "इकडून आणखी एक खोटं बोलणं झालं, तर मात्र उद्यापासून स्वयंपाक मी करीन."

मी नवस तिथेच सोडला. रविवारी वाईला परतायचा विचार करून सामान उचकून पाहिलं. बांधायचा धीर होईना.

सोमवारी हिच्या मागोमाग मीही शाळेच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. रिकामी शाळा तिला एकटीला बघायला लावायची नाही, एवढंच मनात होतं. तर समोरून येसूकाकू येत होत्या. एका हाताला थोरली, दुसऱ्या हाताला धाकटी, दोघींच्या वेण्या घट्ट घातलेल्या. मागे बाकीच्या बायका आणि त्यांच्या पोरी.

"नावं घाला," काकूंनी हिला हुकूम सोडला.

"पण काकू, तुम्ही तर म्हणत होता..."

"म्हणत होते. नुसतं ऐकून म्हणत होते. शुक्रवारी डोळ्यांनी पाहिलं. बाई वाचते आणि नवरा चुलीपुढे घाम गाळून पुरण घोटतो. आम्ही इतकी वर्षं घोटतोय, आमच्या नाकावरचं पुसायला कधी कोणी आलं नाही. माझ्या पोरींना हीच विद्या पाहिजे. लवकरात लवकर किती दिवसांत येते?"

ही हसली आणि लगेच डोळे पुसू लागली. मी कोपऱ्यावरूनच मागे फिरलो. दसऱ्यानंतर डिपुटीसाहेब आले तेव्हा सतरंज्या पुरल्या नाहीत. त्यांनी खूश होऊन भाऊसाहेबांच्या परिश्रमांची तारीफ केली.

शाळा वाचली, पण मी बुडालो. बायकांनी मला माफ केलं होतं, पुरुषांनी नाही. वाण्याकडे मी गेलो की तिथली चर्चा थांबे. माझ्यासमोर वाकलेले भाऊसाहेब आता मला पाहून दुसऱ्या बाजूने जात आणि ऐकू येईल असं म्हणत, "घाटावरचे लोक!" त्यांच्याही घरात म्हणे रोज विचारणा होऊ लागली होती, की तुम्हाला काय काय येतं? या सगळ्याचं मूळ मी. मी मान खाली घालून जाई.

अशीच एक दुपार. ही शाळेत. परसदाराची कडी हळूच वाजली. उघडलं तर भाऊसाहेब! डोक्यावरून उपरणं घेतलेलं, हातात झाकलेलं पातेलं.

"आत येऊ?" त्यांनी मागे पाहिलं. "घरात कावळा शिवलाय. तीन दिवस चूल माझ्याकडे. एरवी कसंतरी ढकलत होतो. पण आता ती लांब बसून बघते आणि म्हणते, मास्तरीणबाईंचे यजमान बघा कसं करतात!" त्यांनी झाकण काढलं. "पिठल्यात गुठळ्या होतात. काय करावं?"

मी पाहिलं. त्याला पिठलं म्हणणं धाडसाचं होतं. मी पीठ कालवून दाखवलं, ढवळून दाखवलं. जाताना त्यांनी माझा हात धरला. "कुठे बोलू नका. माणसाला अब्रू असते."

पुढल्या आठवड्यात त्यांच्या पलीकडचे वकील आले. मग वाणी. मग, मला स्वप्नातही वाटलं नसतं, संकल्प सांगणारे भटजी! प्रत्येक जण दबकत येई, प्रत्येकाच्या पातेल्यावर झाकण, आणि प्रत्येकाला वाटे की कल्याणात आपण एकटेच. एकदा भाऊसाहेब आणि वकील परसात एकमेकांवर आदळलेच. दोघांनी पातेली पाठीमागे नेली.

"मी अंगाऱ्यासाठी आलो होतो," भाऊसाहेब म्हणाले.

"मीही," वकील म्हणाले.

नेमकी ही त्या दिवशी शाळेतून लवकर आली. तिने भाऊसाहेबांच्या मागून डोकावून पातेल्यात पाहिलं, मग वकिलांच्या, मग माझ्याकडे.

"बसा की," ती म्हणाली, मुलींशी बोलते त्याच आवाजात. "नवीन विद्यार्थी सुरुवातीला लाजतात, मग सवय होते." दोघं भिंतीकडे तोंड करून बसले. आत जाऊन ती मला म्हणाली, "इकडची शाळा चांगली चाललीय. आणि सगळे इकडेच कसे येतात हो? कल्याणात आचारी काय थोडे आहेत?"

मलाही तोच प्रश्न होता. म्हणून वकील निघाले तेव्हा दारात त्यांना विचारलं. ते मोकळे माणूस. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो, ज्याला अब्रू आहे त्याच्याकडे शिकायला जावं तर आपली जाते. तुमच्याकडे ती अडचणच नाही!"